मोजा गेला, हात राहिला

डोरन्स कोव्ह, न्यूफाउंडलंड
१२ ऑक्टोबर २००३

प्रिय बर्ना,

तू सहा-सात वर्षांची असशील. चुलीपाशी बुटक्या स्टुलावर दोन्ही हात पुढे करून बसायचीस आणि त्या हातांवर मी लोकरीची लडी चढवायचे. मी गुंडा करत जायचे, तू हात डावी-उजवीकडे झुलवत धागा सोडायचीस. आणि नेमकं तेव्हाच तुझं नाक खाजायचं. "आई, नाक!" म्हणून ओरडायचीस. मी गुंडा मांडीत ठेवून तुझं नाक खाजवून द्यायचे. जरा वेळाने पुन्हा, "आई, नाक!" बाबा पलीकडे जाळं दुरुस्त करत बसलेला असायचा. तो म्हणायचा, "या पोरीचं नाक लोकरीला बांधलंय."

काल लडी सोडवायला बसले, तर हात धरायला कोणी नाही. खुर्चीच्या पाठीवर चढवली. खुर्चीचं नाक खाजत नाही. काम लवकर झालं, पण मजा आली नाही.

सिस्टर कोलंबा आम्हा मुलींना शिकवायची, की पत्राची सुरुवात कधी तक्रारीने करू नये. म्हणून ही अशी सुरुवात केली. आता तक्रार.

तू म्हणशील, फोन असताना आई पत्र का लिहिते? फोन स्वयंपाकघरात आहे आणि तुझा बाबाही दिवसभर स्वयंपाकघरातच असतो. तुझा फोन आला, की तो पेपर वर धरतो आणि एकही पान उलटत नाही. मग आपण दोघी हवामानाचं बोलतो. "इकडे धुकं आहे." "इकडे बर्फ आहे." इतकी वर्षं मी माझ्या मुलीशी हवामान खात्यासारखी बोलते आहे. कंटाळले मी आता.

तुम्हा दोघांचं काय बिनसलं, ते मला टेबलावर ऐकलं तेवढंच ठाऊक आहे. शाळा संपल्यापासून तू त्याच्या बोटीत होतीस. शेवंडीचे पिंजरे तू त्याच्या बरोबरीने उचललेस. 'अँब्रोज, मुलगा नाही म्हणून पोरीला राबवतोस का?' असं लोक त्याला म्हणायचे, तेव्हा तो म्हणायचा, "तुमचे दोन मुलगे द्या आणि माझी एक बर्ना घ्या. नाही, नकोच. तोट्यात जाईन." आणि त्याच माणसाने एके दिवशी बोट विकली, परवाना परत करून टाकला आणि ते तुला सांगितलं कधी, तर बटाटे वाढून घेताना. तू विचारलंस, "मला का नाही दिलीस?" तो ताटातून वर न बघता म्हणाला, "बायकांचं काम नाही ते." तू काटा खाली ठेवलास. पुढच्या आठवड्यात तू अल्बर्टाच्या विमानात होतीस. पुढच्या ऑक्टोबरात त्याला नऊ वर्षं होतील, आणि तो असं का म्हणाला, ते मला अजून कळलेलं नाही. विचारलं, की तो लाकडं फोडायला जातो. आमच्याकडे इतकी लाकडं आहेत बर्ना, की आमच्या मागे दोन हिवाळे पुरतील.

मला या जन्मात एकच गोष्ट हवी आहे. तुम्ही दोघांनी एकमेकांशी बोलावं. भांडा हवं तर. पण बोला.

बरं, कामाचं. या हिवाळ्यात तुम्हा तिघांना हातमोजे विणते आहे, आपले नेहमीचे, फक्त अंगठा वेगळा असलेले. मनगटाला घट्ट धरणारी रिबची पट्टी, पंजाच्या पाठीवर पीळ. तुझ्या हाताचं माप मला ठाऊक होतं, पण बाईचे हात बदलतात. माझ्या नातीचा, नोराचा, हात मी कधी धरलेला नाही आणि तुझ्या नवऱ्याला, ड्वेनला, तर पाहिलंही नाही. तेव्हा तिघांनी कागदावर तळहात ठेवायचा, पेन्सिलीने भोवती आखायचं आणि पाठवून द्यायचं. पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल. हात पाठव.

तुझी,
आई

९ नोव्हेंबर २००३

प्रिय बर्ना,

पाकीट पोचलं. आत तीन हात, आणि दुसरं काही नाही. एक शब्दही नाही. तू अगदी तुझ्या बाबाची मुलगी आहेस.

पण मी तीनही कागद टेबलावर ओळीने मांडले आणि बराच वेळ बघत बसले. नोराची करंगळी वाकडी आहे, माझ्या आईसारखी. ते तुला माहीत होतं का? ड्वेनचा हात कागदात मावलेला नाही, अंगठा दुसऱ्या कागदावर जोडलाय. तेवढ्यात बाबा आला. त्याने चष्मा लावला.

"हा कोण?"

"ड्वेन."

"हा हात आहे की वल्हं?"

"शेतकऱ्याचा मुलगा आहे. सस्कॅचेवानचा. तिकडे समुद्र नाही."

"मग वल्हं धरायला शिकवलं कोणी त्याला? फुकट गेला." असं म्हणून नोराच्या कागदाकडे वळला. मग तुझा. तुझ्या कागदावर त्याने स्वतःचा हात ठेवला, अगदी बोटावर बोट. मी भांडी घासायला वळले, कारण मी बघत राहिले असते तर त्याने हात काढून घेतला असता.

आता विणकामाचं. तू म्हणायचीस, की तुला सुया सोडून काहीही हातात दे. पण ऐक, तुला झोप येईपर्यंत तरी. चार सुयांवर टाके आणि पाचवीने विणायचं, म्हणजे कुठे शिवण येत नाही. मनगटाला दोन सुलट, दोन उलट, चांगली वीतभर. अल्बर्टाचा वारा बाहीत शिरता कामा नये. मग पंजा. पाठीच्या मधोमध पीळ. टाके एका आखूड सुईवर उचलून पुढे धरायचे, मागचे आधी विणायचे, मग हे. तेवढ्याने दोरासारखा वेढा पडतो. आपल्याकडच्या बायका उजव्या हाताचा पीळ उजवीकडे फिरवतात आणि डाव्याचा डावीकडे, म्हणजे हात जोडले, की दोन्ही पीळ एकमेकांकडे बघतात. सिस्टर कोलंबाला हे पसंत नव्हतं. ती म्हणायची, हातमोजे हातांच्या उबेसाठी असतात, नटण्यासाठी नाही. पण तिच्या स्वतःच्या काळ्या मोज्यांवर पीळ होता. आतल्या बाजूला.

उन्हाळ्यात लिओनाच्या दुकानात एक पाहुणी आली होती, बॉस्टनची. तिने माझे मोजे हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "समुद्रात बुडालेला माणूस ओळखू यावा म्हणून प्रत्येक घराचा पीळ वेगळा असतो ना?" लिओना म्हणाली, "बाई, या गावात एकतीस माणसं आहेत. एखादा दिसेनासा झाला तर मोजा बघायची गरज पडत नाही." पाहुणी नाराज झाली, पण दोन जोड्या घेऊन गेली.

नाताळला या ना तिघं. बाबाला काही विचारू नकोस, मला विचार. मी हो म्हणते आहे.

तुझी,
आई

१४ डिसेंबर २००३

प्रिय बर्ना,

काल फोनवर म्हणालीस, सुट्टी मिळत नाही. बरं. मी फोन ठेवल्यावर बाबाने पेपर खाली घेतला. "हवामान काय म्हणतंय?"

"येत नाही म्हणतंय," मी म्हणाले.

तो लाकडं फोडायला गेला.

ड्वेनची जोडी झाली. त्यात मांजर झोपेल. नोराची एकदा उसवावी लागली. बोलता बोलता दोन्ही पीळ एकाच बाजूला वळवून बसले. बाबा म्हणाला, "राहू दे गं. त्या पोरीला काय कळणार?" मी म्हणाले, "तुझी नात आहे. तिला कळेल, आणि मग ती आठ वर्षं बोलणार नाही." माझ्या तोंडून निघून गेलं. तो उठून माझ्यासमोर स्टुलावर बसला, ते बुटकं स्टूल, गुडघे कानाशी आले त्याचे, आणि दोन्ही हात पुढे केले. मी उसवलेली लोकर त्यांवर गुंडाळली. तो संध्याकाळ होईपर्यंत तसाच बसला होता. त्याचे हात आता थरथरतात. लोकर हलताना मला वाटलं, की तो मुद्दाम झुलवतोय, तुझ्यासारखा. पण तसं नव्हतं.

एक गंमत. लिओना काल माझी जादा रजई मागायला आली.

"पाहुणे येणार आहेत."

"कोण?"

"सिरिलच्या नात्यातले."

"तुझ्या नवऱ्याच्या नात्यातले सगळे चर्चच्या मागे पुरलेत, लिओना."

"तूपण ना!" म्हणाली आणि लाल झाली. माझ्याकडून रजई घेऊन गेली. वर जाताना विचारते कशी, "लहान मुलांना अजून तो गुळाच्या काकवीचा पाव आवडतो का गं?" मी म्हणाले, मला कसं ठाऊक, माझ्याकडे लहान मूल कुठे आहे?

मी काही विचारत नाही. हे फक्त गावातली बातमी म्हणून लिहिते आहे. हे पत्र तुला नाताळाआधी मिळेल की नाही, कोण जाणे. मिळालं, तर घरातून निघताना गरम कपडे घाल. कुठेही निघालीस तरी.

तुझी,
आई

८ जानेवारी २००४

माझ्या लाडक्या बर्ना,

हे पत्र मी लिओनाच्या घरी बसून लिहिते आहे. ती माझ्यासमोर बटाटे सोलते आहे आणि माझ्याकडे बघत नाही. गेले चार दिवस मला चुकवत होती. आज मी तिच्या दारात उभी राहून म्हणाले, "रजई परत दे." तिने दिली. मी हुंगली. मग ती रडायला लागली, आणि मग मीही.

आता मी त्या संध्याकाळचं लिहिते. तू तिथे होतीस, पण पडद्याआडून माणसाला सगळं दिसत नाही. आणि तू गेल्यावर काय झालं, ते तर तुला ठाऊकच नाही.

चहा झाला होता. दवाखान्यातली नवी नर्स बाबाचा रक्तदाब बघायला आली होती आणि केकसाठी थांबली होती. तेवढ्यात दारावर थाप पडली आणि बाहेरून श्वास आत ओढत काढलेला तो घोगरा आवाज, "सोंगं आली तर चालतील का?"

"या, या! बर्फ झटका!" बाबा ओरडला. नाताळात वेष बदलून घरोघरी फिरणाऱ्या सोंगांसाठी तो अजून लहान मुलासारखा होतो.

तिघं आत आली. पहिलं सोंग सहा फुटी नवरी, डोक्यावर पांढरा पडदा. दुसऱ्याच्या पाठीला उशीचं कुबड. तिसरं बुटकं, गोल, सिरिलच्या जुन्या मेणकापडी कोटात, चेहऱ्यावर खिडकीचा जाळीचा पडदा, त्यावर टोपी, आणि हातांत लिओनाचे भट्टीतून भांडी काढायचे जाडजूड मोजे.

नर्स टोरांटोची. बिचारी घाबरली. "हे कोण आहेत?"

"तेच तर ओळखायचं," बाबा म्हणाला. "नाव बरोबर आलं, की तोंडावरचा पडदा वर करायचा. नाही आलं, तर जसे आले तसे जाणार, आणि आपण वर्षभर डोकं खाजवत बसणार."

"आणि हातांत ते कशाला?"

"हात बघून कोणीही ओळखेल बाई. तोंड खोटं बोलतं, हात नाही बोलत." मग नवरीकडे बघून म्हणाला, "सिरिल, लग्नाला निघालास तर बूट तरी बदलायचेस." हशा. सिरिलने पडदा वर केला. "आणि कुबड म्हणजे लिओना. खोकू नकोस, आवाज दाबून खोकणारी गावात तूच एक आहेस." लिओनाने टोपी काढून त्याच्या डोक्यात मारली.

सगळे तिसऱ्याकडे वळले.

तुझ्या बाबाने या गावात सोंग ओळखताना कधी चूक केलेली नाही, हे तुला माहीत आहे. तो पुढे वाकला. सिरिलने पेटी वाजवायला घेतली आणि लिओनाने तुला नाचायला ओढलं. तू नाचलीस, मग बाजूला जाऊन थांबलीस. डावा पाय घट्ट रोवून, उजव्याचा चवडा भिंतीला टेकवून, जशी चालत्या बोटीत काठाला पाय लावून उभी राहायचीस तशी. आमच्या स्वयंपाकघराची जमीन हलत नाही, बर्ना.

बाबाचा पाय पेटीबरोबर ताल धरत होता. तो थांबला. मी ते पाहिलं. त्याचा चेहरा मात्र अजिबात बदलला नाही.

"हं," तो म्हणाला, "हा तर पोस्टमन."

हशा. तू मान हलवलीस.

"मग फादर कॉर्कोरन. चालीवरून वाटतंय."

"अँब, फादर चार पायऱ्या चढला तरी थांबतो, तो नाचेल कुठला!" सिरिल म्हणाला.

"मग माझी आई असेल."

"तुझी आई मरून वीस वर्षं झाली!"

"म्हणूनच ओळखू येत नाही."

लिओना डोळे पुसत होती, हसून की कशाने कोण जाणे. सिरिल म्हणाला, "अरे म्हाताऱ्या, डोळे गेले का तुझे? वर्षानुवर्षं मला दारातच पकडतोस!"

"गेले," तुझा बाबा म्हणाला. "डोळे गेले, कान गेले. हरलो. या सोंगाला केक द्या आणि माझ्याशेजारी बसवा. हरलेल्याने पाहुणचार करायचा असतो."

असा काही नियम नाही. त्याने तिथेच बनवला.

पुढचं तू ऐकलंस. पण मीही ऐकलं, हे तुला ठाऊक नसेल. सिरिल पेटी वाजवत होता, लिओना आणि नर्स नाचत होत्या आणि मी किटली घेऊन तुमच्या मागे उभी होते. बाबा चुलीकडे बघत बोलत होता, जणू चुलीलाच सांगतोय.

"तू कोण आहेस ते मला माहीत नाही. म्हणून तुला सांगता येतं. ओळखीच्या माणसाला नाही सांगता येत.

"माझी मुलगी माझ्या बोटीत होती. एप्रिलमध्ये पिंजरे टाकत होतो. पिंजरा पाण्यात गेला, दोर सुटला, आणि दोराचा फेरा तिच्या हाताला बसला. मी सुकाणूवर. पोचलो नसतो. हात जाणार आणि हातामागोमाग ती. मग मोजा निघाला. मोजा गेला, हात राहिला. जुना मोजा होता, रिब सैल पडलेली. घरी बायको नवी जोडी विणत होती. ती जोडी हातात असती तर निघाली नसती. नव्याची रिब घट्ट असते.

"ती हसली. म्हणाली, 'आई मारणार मला.' आणि पुढचा पिंजरा उचलला. मी काही बोललो नाही. पण त्यानंतर झोपेत मला तो मोजा खाली जाताना दिसतो, आणि तो रिकामा नसतो.

"तो मोसम मी कसाबसा काढला. मग बोट विकली. भीती वाटते म्हणून सांगायला हवं होतं. बापाने मुलीला ते कसं सांगायचं? म्हणून म्हणालो, बायकांचं काम नाही. ती माझ्यापेक्षा चांगली होती. मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. तिला घालवायला दुसरं काही सुचलंच नाही."

चहा कपातून बशीत आणि बशीतून माझ्या पायावर सांडत होता. मला तो मोजा आठवला, बर्ना. तू घरी येऊन म्हणालीस, वाऱ्याने उडाला. मी तुला चांगलंच झापलं होतं, लोकर काय झाडाला लागते का म्हणून. तू हसत होतीस आणि बाबा बाहेर जाऊन उभा राहिला होता. मला वाटलं, त्याला लोकरीची हळहळ वाटली.

जाळीचा पडदा तुझ्या श्वासाबरोबर आतबाहेर होत होता. मग तू श्वास आत ओढून त्या घोगऱ्या आवाजात म्हणालीस, "मूर्ख म्हातारा."

"हो," बाबा म्हणाला, "गावात सगळे तेच म्हणतात. तू गावातलीच दिसतेस."

तू तो जाड मोज्यातला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवलास. त्याने त्यावर हात ठेवला. तेवढंच. मग सिरिलची पेटी थांबली, तू उठलीस आणि तिघं निघून गेलात.

मी नाव का घेतलं नाही, असं तू मनात म्हणशील. माझ्या जिभेवर होतं. पण नाव घेतलं असतं, तर तुला पडदा वर करावा लागला असता, आणि मग तुम्ही दोघं पुन्हा बाप आणि मुलगी झाला असतात आणि तो लाकडं फोडायला गेला असता.

आता तू गेल्यानंतरचं. बाबा खिडकीशी गेला. तुमची बॅटरी चढावर जाताना दिसत होती. तो काचेला तोंड लावून म्हणाला, "सावकाश चाल गं, खाली बर्फ आहे."

मी विचारलं, "कोण होती ती?"

"मला काय ठाऊक? नाही ओळखू आली."

मग वळून म्हणाला, "केक खाल्ला का तिने?"

मी तुझी बशी त्याच्यापुढे धरली. केक संपला होता. बशीच्या कडेला सगळ्या चेरी ओळीने मांडून ठेवलेल्या. लहानपणापासून तुला त्या आवडत नाहीत. त्याने बशी घेतली, बसला आणि एकेक करून सगळ्या चेरी खाल्ल्या. त्यालाही आवडत नाहीत.

लिओना सांगते, की नोरा तिच्या घरी वरच्या खोलीत झोपली होती, कारण तिला खोटं बोलता येत नाही. माझी नात माझ्या रजईत, सात घरं पलीकडे. हे मी तुला माफ करायला जरा वेळ घेईन. फार नाही. मार्चपर्यंत.

तुझी,
आई

२ फेब्रुवारी २००४

माझ्या लाडक्या बर्ना,

मागच्या रविवारी तू फोन केलास तेव्हा मी हात पुसत होते. हे मी मुद्दाम करत नव्हते. खरं सांगायचं तर हात कोरडे होते. फोन तीनदा वाजला. बाबा माझ्याकडे बघतोय, मी टॉवेलकडे. शेवटी त्याने उचलला.

"हं," म्हणाला. मग, "इकडे उणे बारा. तिकडे?"

तू काय म्हणालीस ते ऐकू आलं नाही.

"उणे एकतीस!" बाबा म्हणाला. "मग मोजे हवेत." आणि फोन माझ्या हातात देऊन तो लाकडं फोडायला गेला. पण जाताना कुऱ्हाड न्यायला विसरला. बराच वेळ तसाच अंगणात उभा होता, खिशात हात घालून.

तुम्ही दोघं हवामानाचं बोललात, त्यावर आता माझी काही तक्रार नाही.

या पत्राबरोबर खोका पाठवते आहे. कोणाचं काय, ते नीट वाच.

गडद करडी, मोठी जोडी ड्वेनची. त्याला सांग, सुरुवातीला बोटांपाशी जागा रिकामी वाटेल. ओले झाले, वाळले, पुन्हा ओले झाले, की लोकर दाटते आणि हाताच्या मापाची होते. मशीनमध्ये टाकले, तर ते नोराच्या बाहुलीला होतील, आणि मी दुसरे विणणार नाही. निदान दोन वर्षं तरी.

तांबडी जोडी नोराची. तिच्यात तिसराही मोजा आहे, डावा. मुलं नेहमी डावाच हरवतात. हरवेपर्यंत तिला तो दाखवू नकोस, नाहीतर ती मुद्दाम हरवेल. आणि वाकड्या करंगळीच्या बाजूला मी एक टाका जास्त घातलाय, ते तिला सांग. माझ्या आईच्या मोज्यांत मी तो घालायचे.

हिरवी साधी जोडी, बिनपिळाची, तुमच्या शेजारच्या ऑकॅम्पोबाईंना. नोरा म्हणाली, की शाळा सुटली, की त्या तिला घरी आणतात आणि त्यांच्या गावात कधी बर्फच पडला नव्हता. हो, नोरा म्हणाली. तिचा मला परस्पर फोन आला होता. ते आमचं आम्ही बघू.

काकवीचा पाव कागदात गुंडाळलाय, तो नोराचा. तुकडा ड्वेनला द्यायचा की नाही, हे तिने ठरवावं. चेरी घातलेला केक तुझ्यासाठी पाठवलेला नाही, घाबरू नकोस.

तुझे मोजे खोक्यात नाहीत. शोधत बसू नकोस. निळे आहेत, विणून केव्हाच झालेत, रिब मी या वेळी सैल ठेवली आहे. खोक्यात घालायला गेले, तर बाबाने हातातून काढून घेतले आणि कोटाच्या खिशात टाकले. म्हणाला, "हे पोस्टाने जायचे नाहीत. हे तिच्या हातांत मी घालणार. मे महिन्यात पिंजरे टाकायला सिरिलला त्याच्या बोटीवर माणूस हवंय. तिला सांग, यायचं तर ये, आणि येताना तोंडावर पडदा नको."

तुझी,
आई